जिंकलेला संघ का मोडतात?

प्रश्न कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या एका तरुणाचा आहे. सीएचा अभ्यास करतो, पहाटे उठून एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) बघतो आणि नुकताच पेठेतल्या एका फुटबॉल संघाच्या कमिटीत गेलाय. तो विचारतो: "बोस्टन सेल्टिक्स २०२४ ला चॅम्पियन झाले आणि पुढच्याच उन्हाळ्यात त्यांनी जिंकून देणारी माणसं घालवली. मालकाला पैसा कमी पडला का? चांगल्या खेळाडूंना मागतील तेवढं देऊन धरून ठेवायचं, एवढं हे सोपं का नाही? आणि यातलं आपल्या संघाला काही घेण्यासारखं आहे का?"

मी कबड्डी आणि बास्केटबॉलच्या व्यावसायिक संघांसाठी करार आणि पगाराच्या बजेटचं काम बरीच वर्षं केलं, त्यामुळं उत्तर जरा लांबेल.

पैशाचं आधी संपवतो. पैसा कमी नव्हता. तो संघ २०२५ मध्ये ६१० कोटी डॉलरला विकायचा व्यवहार झाला. असल्या धंद्यात एखाद्या खेळाडूच्या पगारानं कुणी भिकेला लागत नाही. अडचण होती ती नियमांची, आणि त्याहून जास्त तारखांची. या कामात नवीन आलेला माणूस कराराचा आकडा बघतो. मी आधी करार कुठल्या वर्षी सुरू होतो आणि कुठल्या वर्षी संपतो ते बघतो. चॅम्पियन संघाचे करार काढून बघ. त्यात दोन-तीन मोठी माणसं आपल्या लायकीपेक्षा कमी पगारावर खेळत असतात, कारण त्यांचा जुना करार संपलेला नसतो किंवा नवा सुरू झालेला नसतो. त्या फटीत अजिंक्यपद बसतं. फट बुजली की संघ बदलावाच लागतो.

आता नियम. एनबीएमध्ये १९८४-८५ पासून सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगाराची मर्यादा, आहे. ती ठरते लीगच्या एकूण उत्पन्नावरून, आणि त्या उत्पन्नातला साधारण निम्मा वाटा खेळाडूंचा. उसाचा ७०:३० चा हिशोब तुझ्या घरात कुणाला तरी माहीत असेलच: साखर आणि उपपदार्थ विकून जे येईल त्यातला ठरलेला हिस्सा शेतकऱ्याचा. तत्त्व तेच, फक्त इथं ऊस म्हणजे खेळाडू आणि साखर म्हणजे टीव्हीचे हक्क. पण ही कॅप भिंतीसारखी नाही, ती ओलांडता येते. २०२५-२६ च्या मोसमाचे आकडे घे. कॅप १५.४६ कोटी डॉलर. त्याच्या वर १८.७९ कोटींवर लक्झरी टॅक्सची रेषा. मग १९.५९ कोटींवर पहिली आणि २०.७८ कोटींवर दुसरी एप्रन रेषा.

टॅक्स हा पैशाचा दंड आहे, तो श्रीमंत मालक भरतो. गोल्डन स्टेटनं २०२१-२२ मध्ये निव्वळ टॅक्सपोटी सुमारे १७ कोटी डॉलर भरले आणि २०२२ चं अजिंक्यपद घेतलं. बाकीच्या मालकांना ते अर्थातच खुपलं. म्हणून लीग आणि खेळाडू संघटनेच्या २०२३ च्या नव्या करारनाम्यात दुसरी एप्रन रेषा आली, आणि तिची शिक्षा पैशापुरती राहिली नाही. ती ओलांडली की ट्रेडमध्ये, म्हणजे संघांमधल्या अदलाबदलीत, दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही. रोख रक्कम देऊन सौदा जुळवता येत नाही. मिड-लेव्हल सवलतीतून (कॅपच्या वर असतानाही ठरावीक पगार देण्याची मुभा) बाहेरचा मधल्या फळीतला खेळाडू घेता येत नाही. सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा ड्राफ्ट पिक (नव्या खेळाडूंच्या निवडीतली संघाची पाळी) गोठतो, आणि वारंवार वर राहिलात तर तो फेरीच्या शेवटी ढकलला जातो. म्हणजे पैसे टाकून सुटायची वाटच बंद. जो संघ आहे तो आहे. कुणी जखमी झाला, कुणी म्हातारा झाला, तरी बदलायला हात बांधलेले.

आता बोस्टनचा हिशोब कर. २०२३-२४ ला, म्हणजे जिंकले त्या मोसमात, जेसन टेटम आणि जेलन ब्राउन या दोन मुख्य खेळाडूंचा मिळून पगार सुमारे ६.४ कोटी डॉलर होता. ब्राउननं २०२३ च्या जुलैतच पाच वर्षांचा, त्या वेळच्या अंदाजानं ३०.४ कोटींचा करार केला होता, पण तो सुरू व्हायचा होता २०२४-२५ पासून. टेटमचा ३१.४ कोटींचा करार जिंकल्यावर झाला आणि लागू होणार होता २०२५-२६ पासून. म्हणजे अजिंक्यपद आलं तेव्हा दोघांपैकी एकाचाही नवा पगार चालू झालेला नव्हता.

२०२५-२६ ला काय होणार होतं? टेटम ५.४१ कोटी, ब्राउन ५.३१, जरू हॉलिडे ३.२४, पोर्झिंगिस ३.०७, डेरिक व्हाइट २.८१. बेरीज १९.८४ कोटी. दुसरी एप्रन २०.७८ वर. पाच जणांत रेषा जवळपास गाठली आणि पंधराच्या चमूतले दहा अजून बाकी. त्या दहांत सॅम हाउझर एक कोटीचा आणि पेटन प्रिचर्ड ७२ लाखांचा. या दोघांना धरलं की रेषा गेलीच ओलांडून, अजून आठ माणसं भरायची आहेत. टॅक्स धरून खर्च ५० कोटी डॉलरच्या आसपास जाईल असे अंदाज तेव्हा छापून येत होते. त्यातच २०२५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कविरुद्ध टेटमचा अकिलीसचा स्नायूबंध तुटला. पुढचा मोसम जवळपास हातचा गेलेला असताना ५० कोटी कशासाठी जाळायचे?

मग त्यांनी काय केलं ते बारकाईनं बघ, कारण कौशल्य तिथं आहे. हॉलिडे पस्तिशीला आलेला, करार २०२८ पर्यंत लांबणारा. त्याला पोर्टलंडला देऊन त्यांनी अँफर्नी सायमन्स घेतला. सायमन्सचा पगारही पावणेतीन कोटींच्या वर होता, म्हणजे त्या वर्षाची बचत फार मोठी नव्हती. पण त्याचा करार एका वर्षात संपत होता. लोक म्हणाले, "हॉलिडेच्या बदल्यात हा?" मी तो व्यवहार असा वाचतो की त्यांनी खेळाडूपेक्षा तारीख विकत घेतली. पोर्झिंगिस अटलांटाला गेला. ल्यूक कॉर्नेट आणि अल हॉर्फर्डही गेले, आणि त्यांच्या बदल्यात काहीच मिळालं नाही. तो खरा तोटा. त्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही.

सगळे टेटम-ब्राउनच्या आकड्यांवर चर्चा करत असताना माझी नजर मात्र प्रिचर्डवर होती. चार वर्षांना ३ कोटी डॉलर, सही २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये, तेव्हा तो बाकावरचा, फारसा न वापरलेला गार्ड होता. २०२५ ला तोच लीगचा सर्वोत्तम राखीव खेळाडू ठरला, पगार तोच. संघ तगतो तो असल्या करारांवर. मोठ्या खेळाडूचा मॅक्स करार, म्हणजे नियमात बसणारा कमाल पगार, हा काही निर्णय नव्हेच. कॅपच्या २५, ३० किंवा ३५ टक्के, किती वर्षं खेळला आणि कुठले मान मिळाले त्यावरून आकडा ठरलेला असतो. खरा तारा असेल तर डोळे मिटून द्यायचा. कसोटी लागते ती तिसऱ्या ते आठव्या माणसाच्या करारात.

तुझा दुसरा प्रश्न, "मागतील तेवढं देऊन धरून ठेवायचं". बऱ्याचदा द्यायची तयारी असूनही देता येत नाही. डेन्व्हर २०२३ ला चॅम्पियन झालं, त्यात ब्रूस ब्राउनचा वाटा मोठा. तो आदल्याच वर्षी कमी पगारावर आलेला. एनबीएमध्ये स्वतःच्या खेळाडूला कॅप ओलांडूनही मनासारखा पगार देण्याची सवलत आहे, लॅरी बर्डच्या नावानं ओळखली जाते, पण ती पुरती मिळायला खेळाडू तीन मोसम तुमच्याकडचा असावा लागतो. ब्राउनचा एकच मोसम झालेला. डेन्व्हर त्याला फार तर ७८ लाख डॉलर देऊ शकत होतं. इंडियानानं दोन वर्षांना ४.५ कोटी दिले. मालकानं तिजोरी उघडून ठेवली असती तरी तो गेलाच असता. आता असा खेळाडू एका वर्षासाठी आणताना हे ठाऊक असायला हवं की आपण त्याला जिंकण्यासाठी आणतोय, ठेवण्यासाठी नाही. डेन्व्हरनं तो जुगार खेळला आणि जिंकला. मला तो चुकीचा वाटत नाही. चूक पुढं आहे. दुसऱ्या वर्षी कॉल्डवेल-पोप ऑर्लँडोला गेला, बाकावरची पोरं तयार झाली नाहीत, आणि मायकेल पोर्टर ज्युनियरचा जड करार उतरवताना २०३२ चा पहिल्या फेरीचा पिक सोबत द्यावा लागला. जड करार वेळेत हलवला नाही की तो हलवायचीही हुंडी भरावी लागते.

सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट ओक्लाहोमा सिटीची, कारण तिथं एकाच माणसानं, संघाचा व्यवस्थापक सॅम प्रेस्टीनं, हे दोन्ही बाजूंनी केलंय. २०१२ ला त्यांच्याकडं ड्युरंट, वेस्टब्रुक आणि हार्डन होते. तिघंही पंचविशीच्या आत, आणि तिघंही पुढं एमव्हीपी (मोसमातला सर्वोत्तम खेळाडू) झाले. मायामीकडून अंतिम फेरी हरले. त्या ऑगस्टमध्ये त्यांनी सर्ज इबाकाला चार वर्षांना ४.८ कोटी दिले. मग हार्डनची पाळी. मॅक्स होता सुमारे ६ कोटी, संघाची तयारी तेव्हाच्या बातम्यांप्रमाणं साडेपाचच्या आसपास. तफावत चार वर्षांत मिळून पन्नास लाखांच्या घरातली. टॅक्सची भीती होती, कारण २०११ च्या करारनाम्यानं वारंवार टॅक्स भरणाऱ्यांवर जास्त दर लावला होता, आणि बाजार छोटा. मोसम सुरू व्हायच्या तोंडावर हार्डन ह्यूस्टनला गेला. २०१६ ला ड्युरंटही गेला. त्या संघाला एकही अजिंक्यपद मिळालं नाही.

माझं मत विचारशील तर तो व्यवहार चुकीचा होता, आणि चूक पैशाच्या घासाघिशीत नव्हती. हार्डनच्या जुन्या करारात अजून एक मोसम शिल्लक होता. त्या मोसमात तो स्वस्तात मिळणार होता, संघ पुन्हा अंतिम फेरीच्या तोडीचा होता. तो मोसम खेळून घ्यायला हवा होता, आणि मग पुढच्या उन्हाळ्यात काय ते ठरवायचं. फट उघडी असताना त्यांनीच ती बुजवली.

त्याच प्रेस्टीनं पुढं काय केलं बघ. २०१९ ला पॉल जॉर्जला क्लिपर्सकडं पाठवून शे गिल्जस-अलेक्झांडर आणि पाच पहिल्या फेरीचे पिक्स घेतले. त्यातल्या एका पिकवर २०२२ ला बाराव्या क्रमांकानं जेलन विल्यम्स आला. त्याच ड्राफ्टमध्ये स्वतःच्या दुसऱ्या क्रमांकावर चेट होल्मग्रेन. २०२४-२५ ला चॅम्पियन झाले तेव्हा शेचा पगार ३.५९ कोटी, होल्मग्रेन १.०९ कोटी, विल्यम्स ४८ लाख. तिघं मिळून सव्वापाच कोटींच्या आत, म्हणजे बोस्टनच्या एकट्या टेटमच्या नव्या पगाराहूनही कमी. म्हणून सात फुटी हार्टेनस्टाइनला वर्षाला सरासरी २.९ कोटी देऊन आणता आलं, करूसोला चांगला करार देता आला.

आणि तारखांची जुळवाजुळव किती बारीक! होल्मग्रेन आणि विल्यम्सचे मोठे करार लागू होतात २०२६-२७ पासून. हार्टेनस्टाइनच्या आणि गार्ड डॉर्टच्या करारांचं शेवटचं वर्ष बरोबर तेच, आणि दोन्हींत ते वर्ष ठेवायचं की सोडायचं हा हक्क संघाकडं. शेचा चार वर्षांचा २८.५ कोटींचा करार त्याच्याही नंतर, २०२७-२८ पासून. हे योगायोगानं होत नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात हार्टेनस्टाइनला करार देताना कुणीतरी २०२६ चं पान उघडून बसलं होतं. मी असतो तर २०२६ ला दोघांचा निर्णय घेताना डॉर्टच्या आधी हार्टेनस्टाइनचा पगार कमी करून मुदत वाढवायचा प्रयत्न केला असता, कारण डॉर्टच्या जागेवर खेळू शकणारे दुसरे गार्ड त्यांनी आधीच तयार केलेत, सात फुटी माणूस तसा पटकन तयार होत नाही. यावर वाद घालायला हरकत नाही.

एक गोष्ट सारखी ऐकायला मिळते: "संघावर प्रेम असेल तर खेळाडूनं कमी घ्यावं." हे मला पटत नाही. खेळाडूची कमाईची वर्षं थोडी, गुडघा एकच दिवस देतो आणि आयुष्यभर घेतो. टिम डंकननं २०१२ ला तीन वर्षांना ३ कोटी घेतले, मोठी कपात सोसली, आणि २०१४ ला सॅन अँटोनिओ जिंकलं. ते चांगलंच झालं, पण त्याचं पोट आधी भरलेलं होतं. डर्क नोविट्स्कीनंही २०१४ ला तीन वर्षांना अडीच कोटी घेतले. डलासला काय मिळालं? काहीच नाही. कारण २०११ चं अजिंक्यपद घेतल्यावर लगेच त्यांनी पुढच्या मोठ्या माशासाठी कॅपमध्ये जागा ठेवायची म्हणून टायसन चँडलरला जाऊ दिलं. मासा आला नाही, आणि पुढची प्लेऑफ (मोसमानंतरच्या बाद फेऱ्या) मालिका जिंकायला २०२२ उजाडलं. त्याच उन्हाळ्यात जेलन ब्रन्सनही त्यांच्या हातून सुटला. मोडणं वेळेत असावं हे खरं, पण हातात काही नसताना नुसती जागा मोकळी करणं म्हणजे मोडणं नव्हे, ते टाकून देणं.

ब्रन्सनचंच पुढचं उदाहरण लोक त्यागाचं म्हणून देतात. २०२४ ला न्यूयॉर्ककडून त्यानं चार वर्षांचे १५.६५ कोटी घेतले. वर्षभर थांबला असता तर पाच वर्षांचे २६.९ कोटी मिळू शकले असते. पुढच्या वर्षांत मोकळ्या राहणाऱ्या त्या जागेमुळं कार्ल-अँथनी टाउन्सला आणताना न्यूयॉर्कला हात हलवता आले आणि २०२५ ला ते २००० नंतर पहिल्यांदा कॉन्फरन्स फायनलला (लीगच्या अर्ध्या गटाची अंतिम फेरी) गेले. पण कराराची रचना बघ. २०२८ ला त्याची लीगमध्ये दहा वर्षं पूर्ण होतात आणि तो ३५ टक्क्यांच्या मॅक्सला पात्र ठरतो. आज कमी घेऊन त्यानं पुढची तारीख स्वतःसाठी राखून ठेवली. संघाची फट उघडी राहिली आणि त्याचंही फारसं गेलं नाही. कपात मागायचीच असेल तर अशी मागावी, भावनेला हात घालून नव्हे.

उलट टोकाचं उदाहरण फीनिक्सचं. २०२४-२५ ला लीगमधला सगळ्यात महाग संघ, ड्युरंट, बुकर, बील. ३६ जिंकले, ४६ हरले, प्लेऑफलाही गेले नाहीत. बीलच्या करारात त्याच्या संमतीशिवाय ट्रेड करता येणार नाही असं कलम होतं आणि ते त्याच्याबरोबर आलं. दुसऱ्या एप्रनच्या वर बसून असलं कलम अंगावर घेणं हे मला आजही समजत नाही.

आता आपल्याकडचं. व्यावसायिक लीगचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई २०१८ ला प्रो कबड्डीत यू मुंबाकडं ३६.४ लाखांना आला, पहिल्याच मोसमात चढाईच्या गुणांचा पाऊस पाडला, आणि पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सनं १.४५ कोटी मोजले. एका मोसमात जवळपास चौपट, आणि संघ बदलला. लिलावाच्या लीगमध्ये फट एवढीच असते, एका मोसमाची. आयपीएलमध्ये २०२५ साठी १२० कोटींच्या मर्यादेत मुंबईनं बुमराहला १८ कोटींना ठेवलं, हार्दिक आणि सूर्यकुमारला १६.३५, रोहितला १६.३०, तिलक वर्माला ८. पाच जण पाऊणशे कोटींत. बाकीचा संघ पंचेचाळीस कोटींत उभा करायचा. तिलकचे ८ कोटी हे त्या यादीतलं मला आवडलेलं काम.

पेठेच्या फुटबॉलला यातलं अर्धंच लागू पडतं. तिथं कॅप नाही, एप्रन नाही. केएसएकडं (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) नोंदणीची वेळ आली की पळवापळवी सुरू होते, आणि ज्याच्यामागं दाते जास्त त्याचं पारडं जड. पण दात्याच्या खिशालाही मर्यादा असतेच, फक्त ती कागदावर लिहिलेली नसते. तेव्हा तू कमिटीत एवढंच कर. नोंदणीच्या आधी एका पानावर सगळी नावं लिही, पुढं तीन हंगामांचे रकाने. प्रत्येकाचं वय, कुणाला काय शब्द दिलाय, तो शब्द कुठल्या हंगामापर्यंत, आणि कोण नोकरीसाठी पुण्याला जायची शक्यता आहे. तुला दिसेल की तीन-चार जणांचे शब्द एकाच हंगामात संपतायत. तीच तुमची अडचण. त्यातल्या दोघांशी आत्ताच बोल, हंगाम संपायची वाट बघू नको. बाहेरून एका हंगामासाठी खेळाडू आणणार असाल तर ज्या जागेवर तुमच्या तालमीतलं पोरगं दोन वर्षांत तयार होणार आहे तिथं आणू नका.

आणि दिलेला शब्द लिहून ठेवा. अमेरिकेत मिनेसोटानं जो स्मिथला पुढच्या मोठ्या कराराचं गुपचूप आश्वासन देऊन स्वस्तात खेळवलं होतं. २००० साली ते उघड झालं तेव्हा लीगनं करार रद्द केला, ३५ लाख डॉलर दंड केला आणि पहिल्या फेरीचे पाच पिक्स काढून घेतले. त्यातले दोन पुढं परत दिले. आपल्याकडं तसा दंड कुणी करणार नाही. पण "पुढच्या वर्षी बघू" म्हणून थांबवलेला खेळाडू पुढच्या वर्षी दुसऱ्या पेठेचा टी-शर्ट घालून शाहू स्टेडियमवर उतरतो. तक्ता दाखवलास की खजिनदार आधी वैतागतील, त्यांना आकड्यांपेक्षा उधारी पाठ असते. त्यांनाच तो भरायला बसव.